धन्याचे घर विचारणारा प्रोग्राम

एकदा एका विणकरांच्या गावी एक वृद्ध संगणकतज्ज्ञ राहत असत. एका प्रकारच्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर नेऊन तिथे चालता करून देणे, हा त्यांचा व्यवसाय. काम वाटते तेवढे सोपे नाही. लेक सासरी पाठवली म्हणजे ती नांदली असे होत नाही. तिथल्या चालीरीती तिला कळाव्या लागतात आणि तिथल्या माणसांना ती. गावातले लोक या वृद्धाला गुरुजी म्हणत, आणि त्यांच्यापाशी शिकणारे दोघे तर म्हणतच.

अशा कथांतल्या शिष्यांना सहसा नावे नसतात. परंतु संगणक नाव विचारल्यावाचून कोणाला आत घेत नाही, आणि ही सारी कथा त्या उंबरठ्यावरच घडते. म्हणून नावे सांगणे भाग आहे. थोरला शिष्य श्रीरंग, सात वर्षे गुरुजींपाशी राहिलेला. धाकटी कावेरी, शेजारच्या गावातल्या एका कोष्ट्याची मुलगी, येऊन जेमतेम सहा महिने झालेली.

श्रीरंग बुद्धिमान होता, कष्टाळू होता, आणि कावेरी आल्यापासून आतून जळत होता. तिने काही विचारले की गुरुजी हातातले काम बाजूला ठेवून उत्तर देत. एकदा तिच्या एका प्रश्नावर ते मोठ्याने हसले. आपल्या कोणत्या प्रश्नावर ते असे हसले होते, हे श्रीरंगाने दोन दिवस आठवून पाहिले. एकही प्रसंग सापडला नाही. गुरुजींची जुन्या टिपणांची वही तिने मागितली आणि त्यांनी ती काढून दिली. श्रीरंगाने ती वही सात वर्षांत कधी मागितलीच नव्हती. ती मिळाली नाही याचे दुःख मात्र त्याने मनापासून केले. मत्सराची रीतच अशी. दुसऱ्याच्या पानात काय वाढले हे बघता बघता आपल्या पानातले निवून जाते.

त्यात भर म्हणजे गुरुजींचे वय झाले होते. येत्या पाडव्याला कामाची सूत्रे एका शिष्याच्या हाती सोपवायची, असे त्यांनी बोलून दाखवले होते. कोणाच्या हाती, हे मात्र सांगितले नव्हते. श्रीरंगाला त्या एका गोष्टीपुढे दुसरे काही सुचेना. सात वर्षे घासली मी आणि गादीवर बसणार ही, आयत्या बिळावर नागोबा, असे त्याच्या मनात दिवसातून दहा वेळा येई.

अशा दिवसांत गावातला साड्यांचा एक मोठा व्यापारी गुरुजींकडे आला. त्याच्या कारखान्यात साड्यांचे काठ आणि पदर यांची नक्षी काढण्यासाठी एक प्रोग्राम होता. तो चाले युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर, एका जुन्या संगणकात. त्या संगणकाचे सुटे भाग आता मिळेनासे झाले होते. व्यापाऱ्याने टेबलावर ठेवायचा नवा संगणक घेतला होता. त्यावर तीन नक्षीकार पाळीपाळीने बसणार होते, प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्ड वेगळा.

"गुरुजी, मशीन नवं असलं तरी प्रोग्राम जुनाच हवा," व्यापारी म्हणाला. "माझ्या माणसांचा हात बसलाय त्यावर. घर बदला, भांडी तीच राहू द्या."

गुरुजींनी प्रोग्राम नव्या संगणकावर आणण्याचे काम श्रीरंगाला दिले, आणि त्यावर नक्षी काढून तो पारखण्याचे काम कावेरीला. कारण तिचा जन्म मागाजवळ गेला होता. संगणक एकच, म्हणून श्रीरंगाने सकाळी बसायचे आणि कावेरीने दुपारी, असे ठरले. पारखणारी वरचढ की करणारा, या शंकेने श्रीरंगाचे डोके पहिल्याच दिवशी भणाणले.

ईर्ष्येने का होईना, त्याने नऊ दिवसांत काम उरकले. एका ठिकाणी तेवढा तो अडला होता. सुरू होताक्षणी प्रोग्राम काहीतरी विचारत असे, आणि नव्या संगणकाकडून त्याला उत्तर मिळत नसे. श्रीरंगाने हाताला लागले ते उत्तर तिथे कायमचे लिहून टाकले आणि तो पुढे गेला. प्रोग्राम तक्रार न करता चालू लागला.

मग व्यापाऱ्याला दाखवण्यासाठी त्याने स्वतः एक पदर काढायला घेतला. मधोमध कमळांची वेल, कडेने मोर, जांभळ्यावर सोनेरी. बारा दिवस तो सकाळी त्यावर बसत होता. या प्रोग्रामची एक सोय जुन्या लोकांना फार आवडे: नक्षी अर्धी टाकून उठले, तरी पुढच्या वेळी ती होती तशीच समोर येई. त्या सोयीवर विसंबून श्रीरंगाने पदराची वेगळी प्रत ठेवली नव्हती.

कावेरीचे काम मात्र पुढे सरकत नव्हते. कारखान्यातल्या नक्षीकारांचे असते तसे साधे खाते तिने स्वतःसाठी मागून घेतले होते, आणि त्या खात्यातून प्रोग्राम उघडला की 'परवानगी नाही' एवढे म्हणून बंद होई.

"दादा, माझ्या खात्यातून चालत नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडे चालतंय."

"तुमच्याकडे चालतंय हो. पण तुमचं खातं मालकाचं आहे, तुम्हाला कुठलंच दार अडवत नाही. नक्षीकारांना—"

"नाचता येईना अंगण वाकडं," श्रीरंग म्हणाला. "चालवायचं कसं ते शिक आधी."

तरी ती दारातून हलेना, आणि आता ही गुरुजींकडे जाईल या भयाने श्रीरंग उठला. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये राहत होता, तो सर्वांना लिहिण्यासाठी मोकळा केला. "झालं? एवढ्यातेवढ्यासाठी गुरुजींकडे जायचं नाही." कावेरीने मान डोलावली. त्या दुपारी प्रथमच प्रोग्राम तिच्यापुढे उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी काम बघायला आला. गुरुजी खुर्चीत बसले, कावेरी भिंतीशी उभी राहिली. श्रीरंगाने आपला पासवर्ड घालून प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर कमळांच्या वेलीऐवजी पोपटांची एक जोडी आली. जांभळा रंग नाहीसा, सोनेरी नाहीसा. दोन हिरवेगार पोपट समोरासमोर बसलेले, चांगले काढलेले.

श्रीरंगाने सगळे फोल्डर धुंडाळले. पदर कुठेही नव्हता. बारा दिवसांचे काम गेले होते.

"हे पोपट कोणाचे?" त्याने विचारले.

"माझे," कावेरी घाबरून म्हणाली. "काल दुपारी काढले. पण मी माझ्या खात्यात काढले होते, दादा. तुमच्याकडे कसे आले ते मला—"

"माझा पदर तू बघितला होतास का?"

ती खोटे बोलू शकली असती. "बघितला," ती म्हणाली. "प्रोग्राम उघडला तेव्हा तोच समोर आला. मला वाटलं, नमुना म्हणून ठेवलाय. मी नवीन कागद घेतला आणि पोपट काढले."

कोणी शांत डोक्याचा माणूस तिथे असता, तर त्याने इथे थांबून विचारले असते की एकाच्या खात्यातले काम दुसऱ्याच्या खात्यात दिसतेच कसे. श्रीरंगाला ते सुचले नाही. सहा महिने तो जे शोधत होता ते त्याला सापडले होते.

"ऐकलंत गुरुजी? हिनं माझं काम बघितलं, पुसलं आणि वर आपले पोपट बसवले! शेठजींपुढं माझी शोभा व्हावी म्हणून. पाडवा जवळ आलाय ना!"

व्यापाऱ्याचे कपाळ आक्रसले. नक्षी म्हणजे त्याच्या घराण्याची ठेव. "गुरुजी, जी मुलगी गुरुबंधूची नक्षी पुसते ती उद्या माझी नक्षी बाहेर नेईल," तो म्हणाला. "हिचा हात माझ्या कामाला लागायला नको. नाहीतर मी दुसरीकडे जातो."

सर्वांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी कोणाची जबानी घेतली नाही, संगणकाकडे बघितलेही नाही. बराच वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "कावेरी, तू चार दिवस आईकडे जाऊन ये. श्रीरंग, तू पदर पुन्हा काढ. सकाळी तू बस. दुपारी मशीन मला लागेल. शेठ, तुम्ही पाचव्या दिवशी या."

 कावेरीने टिपणांची वही टेबलावर ठेवली आणि ती गेली. ती दारातून वळताना तिचे डोळे भरलेले श्रीरंगाने पाहिले, आणि सांगायला वाईट वाटते, पण त्याला बरे वाटले. सहा महिन्यांत त्याला इतके बरे वाटले नव्हते.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. श्रीरंगाने पासवर्ड बदलला. संध्याकाळी पुन्हा एकदा बदलला. पदर नव्याने काढायला घेतला आणि या वेळी रोज त्याची प्रत वेगळी ठेवली. दुसऱ्या सकाळी प्रोग्राम उघडला तर कमळे जागच्या जागी. तिसऱ्या सकाळीही जागच्या जागी. ती गेली आणि पीडा गेली, असे त्याने मनाशी पक्के केले. गुरुजी दुपारी संगणकापाशी काय करतात याची चौकशी करावी असे त्याला वाटले नाही. कारण गुरुजी आता फक्त त्याचे होते.

चौथ्या सकाळी त्याने पासवर्ड घातला, प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर बैल आला.

बैल म्हणजे काय, चार काठ्यांवर ठेवलेले एक पोते. एक शिंग मोठे, एक लहान, शेपूट जमिनीला टेकलेले. रंग भडक पिवळा. कमळे नाहीत, मोर नाहीत.

श्रीरंग तसाच उठून गुरुजींच्या खोलीत गेला. "गुरुजी, पुन्हा झालं! कोणीतरी पुन्हा—" एवढे बोलून तो थांबला. कावेरी गावात नव्हती. पासवर्ड त्याच्याखेरीज कोणालाही माहीत नव्हता.

"बैल का?" गुरुजी म्हणाले. "काल दुपारी मी काढला. माझ्या खात्यात. वय झालं रे, हात थरथरतो, शेपूट खाली गेलं."

 श्रीरंगाने विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचं भांडण झालं त्या दुपारी तू केलेलं काम काढून वाचलं. शेठना दाखवण्याआधीच वाचायला हवं होतं, ती माझी चूक."

"मग तिला घालवलंत कशाला? मला तेव्हाच सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, गुरुजी तिची बाजू घेतात. आणि ती इथं असती, तर हा बैलसुद्धा तिनंच काढला असं म्हणाला असतास."

श्रीरंगाची मान खाली गेली. कारण तो तेच म्हणाला असता.

"बस," गुरुजी म्हणाले. "हा प्रोग्राम उठल्याबरोबर काहीतरी विचारत होता. काय विचारत होता?"

"धन्याचं घर कुठं आहे, ते."

"हो. युनिक्समध्ये प्रत्येकाला आपलं घर असतं. कोणी बसलं की प्रोग्राम पहिल्यांदा विचारतो, आज धनी कोण आणि त्याचं घर कुठलं. मग त्याचं अर्धवट काम त्याच्या घरी, त्याचे रंग त्याच्या घरी. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही. मुळात फार सभ्य प्रोग्राम आहे. नव्या मशीनवर घरं नव्हती का?"

"होती. पण तिथं घराचं नाव वेगळ्या रीतीनं सांगतात. त्यानं विचारलं ते मशीनला कळलं नाही."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"प्रोग्रामचाच फोल्डर लिहून टाकला."

"सगळ्यांसाठी एकच घर. आणि त्या घराला कुलूप होतं म्हणून कावेरीला आत जाता येईना, तर तू दारच काढून टाकलंस. ती गेली, तिनं तुझं सामान बघितलं. अर्धवट कामाला जागा एकच, तिथं तिनं आपलं ठेवलं, तुझं पडलं. तिनं काही पुसलं नाही, श्रीरंग. पुसणारी वस्तू तू बांधली होतीस. कारखान्यात तिघं बसले असते तर महिन्याभरात एकमेकांच्या उरावर बसले असते. आणि प्रत्येकाला वाटलं असतं की दुसरा चोर आहे."

श्रीरंग म्हणाला, "माझ्याकडे चालत होतं, गुरुजी."

"चालणारच. तू एकटा होतास ना!" गुरुजींचा आवाज प्रथमच चढला. "सात वर्षं या घरात तू एकटा. दुसरं कोणी येईल, त्यालाही जागा लागेल, हे तुझ्या मनात कधी आलंच नाही. ते प्रोग्राममध्ये कुठून येणार? प्रोग्रामला मन नसतं रे, लिहिणाऱ्याचं असतं ते त्यात उतरतं. ती आली तेव्हा तुला वाटलं, तुझी जागा गेली. कारण तुझ्या लेखी माझ्यापाशी फोल्डर एकच. तिच्या प्रश्नावर हसलो ते तुझ्यातलं काढून हसलो, तिला वही दिली ती तुझी दिली. तुझं घर मी कधीच कोणाला दिलं नव्हतं. तू मात्र त्यात चार दिवससुद्धा सुखानं राहिला नाहीस."

 मग श्रीरंगाने हळूच विचारले, "म्हणजे सूत्रं आता तिच्या हाती?"

गुरुजी खिन्न हसले. "इतकं ऐकूनही तेच विचारलंस? जा, आधी काम कर."

श्रीरंग कामाला लागला. धन्याचे घर विचारण्याची नव्या संगणकाची रीत कोणती, ती त्याने शोधून काढली आणि प्रोग्रामला शिकवली. प्रोग्रामच्या फोल्डरला पुन्हा कुलूप घातले. मग सात वर्षांत प्रथमच त्याने मालकाच्या खात्यातून बाहेर येऊन स्वतःसाठी एक साधे खाते उघडले आणि त्यातून काम करून पाहिले. पदोपदी दारे अडत होती. प्रत्येक अडलेल्या दाराशी त्याला 'दादा, माझ्या खात्यातून चालत नाही' हे शब्द ऐकू येत होते, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी कावेरी आली. श्रीरंग दारातच उभा होता. "चूक माझी होती," तो म्हणाला. "प्रोग्रामही माझा आणि आळही माझा. मला माफ कर."

ती लगेच विरघळली नाही. "दादा, तुमचं मन मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यानं रडू नाही आलं. गुरुजी गप्प बसले, त्यानं आलं."

आतून गुरुजी बाहेर आले. त्यांनी त्या मुलीपुढे हात जोडले. "तुला कारण सांगून पाठवायला हवं होतं, पोरी. त्याला शिकवण्याच्या नादात तुला दुखवलं. हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही." कावेरीने त्यांचे हात खाली केले आणि ती आत गेली.

थोड्याच वेळात व्यापारी आला. श्रीरंगाने त्याच्यापुढेही सारे सांगितले, काही न लपवता. व्यापारी अवघडून कावेरीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, मी फार बोललो." मग व्यापाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे तो मुद्द्यावर आला. "आता नीट झालंय का? श्रीरंग, तू छातीवर हात ठेवून सांग, मी घेऊन जातो. उद्या गुरुजी हे काम सोडणार, मग आम्हाला तुझ्याच शब्दावर चालायचं."

हाच शब्द ऐकण्यासाठी श्रीरंगाने सहा महिने जीव जाळला होता. गुरुजी समोर होते. नुसते 'हो' म्हणायचे होते. त्याची नजर कावेरीकडे गेली आणि तीच जुनी जळजळ पुन्हा जागी झाली. ती काही एका बैलाने जाणार नव्हती.

"मला विचारू नका, शेठजी," तो म्हणाला. "माझ्याकडे ते पहिल्या दिवसापासून चालत होतं. कावेरीला विचारा."

व्यापारी गोंधळून गुरुजींकडे वळला. "मग तुमच्यामागं इथला प्रमुख कोण समजायचा?"

"आत्ता 'मला विचारू नका' म्हणाला, तो," गुरुजी म्हणाले.

श्रीरंगाला ते नीट कळायला एक क्षण लागला. तोवर कावेरी संगणकापुढे बसली होती. तिने आपल्या खात्यातून प्रोग्राम उघडला. कोरा कागद आला; त्यावर तिने झटपट एक पोपट काढला. तो तसाच उघडा ठेवून तिने श्रीरंगाला त्याचे खाते उघडायला लावले; त्याची कमळे आली. मग ती दोन्ही खात्यांतून आळीपाळीने बराच वेळ काहीबाही करत राहिली. व्यापाऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले.

शेवटी ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "दादा, एक राहिलंय अजून. दोघं एकाच वेळी आत असलो की छापायला दिलेली नक्षी एकाची दुसऱ्याकडे जाते."

नव्या प्रमुखाला पहिला दोष मिळाला, तोही व्यापाऱ्यादेखत, आणि काढला तो तिने. श्रीरंगाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने एक स्टूल ओढले, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दाखव."

आपल्यापाशी सारे सुरळीत चालले आहे असे वाटेल, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला एकदा विचारून पाहावे.